नुसता फिरवलेला ठोकळा

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. यंत्रमागांच्या आमच्या गावात आई पत्रकं लिहायची. पाणीपट्टीवर, रेशनच्या दुकानावर, ओढ्यात सोडलेल्या रंगाच्या पाण्यावर. छापून आलेले गठ्ठे जमिनीवर रचलेले असायचे आणि त्यांवर बसून मी शाळेचा अभ्यास करायची. ‘नागरिकहो, जागे व्हा’ हे मी न अडखळता वाचलेलं पहिलं वाक्य. त्यामुळे चंदीगडच्या आयटी पार्कमध्ये नोकरी लागली आणि माझं काम दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधण्याचं आहे असं कळलं, तेव्हा मला झालेला आनंद मी लपवलाही नाही. संशय घ्यायचा आणि वर त्याचा पगार घ्यायचा! माझ्यासारखीला याहून चांगलं काम कुठे मिळणार होतं?

काम काय होतं ते सांगते. एखादी वस्तू बनवण्याआधी ती कॉम्प्युटरवर दाबून, ताणून, वाकवून बघतात. त्यासाठी तयार सॉफ्टवेअर असतं. त्याला लोखंड माहीत असतं, रबर माहीत असतं. पण एखाद्या कारखान्याने स्वतःचा नवाच पदार्थ बनवला, तर तो त्याला कुठून माहीत असणार? म्हणून ते सॉफ्टवेअर एक जागा मोकळी ठेवतं. तुमच्या पदार्थाचा कायदा तुम्ही इथे लिहा, म्हणतं. मग गणित चालू झालं की ते क्षणोक्षणी आपल्या कोडला विचारतं, ‘मी तुला एवढं सरकवलं, तू किती प्रतिकार करशील?’ आणि आपल्या कोडने उत्तर द्यायचं. कायदा आणि प्रतिकार! पहिल्या दिवशी हे दोन शब्द ऐकले आणि मला वाटलं, मी घरीच आलेय.

आमचा तेव्हाचा पदार्थ होता एक मऊ फोम. कृत्रिम पाय लावणाऱ्या माणसाच्या उरलेल्या पायावर आधी एक अस्तर चढवतात. त्या अस्तरासाठी एका कारखान्याने तो फोम बनवला होता. त्याचा कायदा लिहिला होता आमच्या मजल्यावरच्या दुसऱ्या मराठी बाईने. ती नागपूरची. नवरा लष्करात, घर चंडीमंदिर छावणीच्या क्वार्टर्समध्ये, दोन मुलं. पहिल्या दिवशी मी गाव सांगितलं तर म्हणाली, “इचलकरंजी? म्हणजे भांडकुदळ. बस इथं माझ्या शेजारी.” तेव्हापासून मी तिला ताई म्हणते.

ताईने अकरा वर्षांत चार गावं बदलली होती. दर पोस्टिंगला ट्रंका भरायच्या आणि नोकरी सोडायची. नव्या गावात पुन्हा खालच्या पायरीपासून सुरुवात. “माझा बायोडेटा आहे ना,” ती म्हणायची, “तो वाचताना माणसाला उचकी लागते. दोन वर्षं काम, एक वर्ष नाही. दोन वर्षं काम, एक वर्ष नाही.” या वेळी मात्र आमच्या सरांनी शब्द दिला होता. फोमचा हा कोड कारखान्याने स्वीकारला, तर तिने जाईल तिथून काम करायचं, नोकरी सोडायची नाही. आणि नवऱ्याच्या बदलीचा हुकूम येऊनही पडला होता. एप्रिलच्या मध्यात आसामकडे निघायचं होतं. मार्च सुरू झाला होता.

अशा वेळी तिच्या कोडची परीक्षा घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

चाचण्या ताईने आधीच लिहून ठेवल्या होत्या, एकूण सव्वीस. प्रत्येक चाचणीत फोमचा एक लहानसा ठोकळा. त्याला काहीतरी करायचं, कोडचं उत्तर घ्यायचं आणि ते शेजारच्या फाइलमधल्या ‘अपेक्षित उत्तरा’शी ताडून बघायचं. जुळलं तर हिरवा दिवा. मी चाचण्या चालवल्या. सव्वीसच्या सव्वीस हिरव्या.

माझ्या रक्तात कुठेतरी गठ्ठ्यांचा वास आहे. सगळं हिरवं दिसलं की मला झोप येत नाही. मी अपेक्षित उत्तरांच्या फाइल उघडल्या. प्रत्येक उत्तरात दशांश चिन्हानंतर पंधरा आकडे होते. हाताने गणित करणारं कुणी पंधरा आकडे काढत नाही! म्हणजे कोडने जे उत्तर दिलं तेच उचलून ‘अपेक्षित’ म्हणून चिकटवलं होतं. आरोपीनेच निकालपत्र लिहिलं होतं आणि आम्ही सगळे त्याला मान डोलावत होतो.

मग मी सगळ्यात साधी चाचणी घेतली. ठोकळ्याचा तळ धरून ठेवायचा आणि माथा बाजूला सरकवायचा. कॉलेजचं पुस्तक काढलं, कागदावर गणित मांडलं, दोनदा तपासलं. माझं उत्तर कोडच्या बरोबर दुप्पट आलं. म्हणजे कोड अर्धाच प्रतिकार सांगत होता. पाय गमावलेला माणूस ज्या अस्तरावर आपला सगळा भार टाकणार, त्याचा अर्धाच प्रतिकार!

त्या दिवशी ताई मुलीच्या शाळेतल्या कार्यक्रमासाठी रजेवर होती. मी थांबले नाही. मेल लिहिली. भाषा इंग्रजी, पण चाल आईच्या पत्रकांची. ‘सव्वीस हिरवे दिवे, सव्वीस खोट्या साक्षी’ असा विषय होता. शेवटी ‘या अस्तरावर उभ्या राहणाऱ्या माणसाला आपण काय उत्तर देणार आहोत?’ असा सवाल होता. आणि पत्रक सर्वांसाठी असतं, म्हणून ती मेल सगळ्या गटाला पाठवली आणि कारखान्यालाही.

तासाभरात सरांनी केबिनमध्ये बोलावलं. सर म्हणजे लुधियानाकडचे सरदारजी. त्यांच्या खणात घरच्या पिन्नीचा, म्हणजे पंजाबी लाडवांचा, डबा बारमाही असतो.

“ओ जी, ये मेल है कि पर्चा?” त्यांनी विचारलं.

“दोन्ही, सर.”

“कारखानेवालों का फोन आ गया.” त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. “कहते हैं, गुरुवार तक जवाब दो, नहीं तो काम किसी और को. और फिर मैडम का केस मैं ऊपर कैसे ले जाऊँ? आपने पूछा था मैडम से?”

मी तत्त्वाबद्दल काहीतरी बोलले. लांबलचक बोलले. सर सगळं ऐकून म्हणाले, “पिन्नी खाओ, बेटा. गुस्सा थोड़ा कम, पिन्नी थोड़ी ज़्यादा.”

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. ताई आली, डबा टेबलावर ठेवला, पदर नसताना पदर खोचल्यासारखं केलं आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“काल माझ्या कोडची अंत्ययात्रा काढली म्हणते तू. खांदा द्यायला तरी बोलवायचं होतं मला.”

“ताई, उत्तरं चिकटवलेली आहेत.”

“चिकटवली. मुदत होती, पोराला ताप होता, चिकटवली. त्याची लाज आहे मला, पन्नास वेळा कबूल करीन.” मग तिचा आवाज खाली आला. “पण अर्धा प्रतिकार? ना बाप्पा. दाखव तुझा कागद.”

मी कागद दाखवला. तिने तिचा मांडला. दोघींची गणितं आपापल्या जागी बरोबर आणि उत्तरं वेगळी. चहा झाला, ब्रेड पकोडे झाले, फळा भरला, उत्तरं वेगळीच. शेवटी ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, “ही ओळ मी सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये होती तशी लिहिली. ती तशी का, ते मला आता आठवून नाही राहिलं. सारखं सोडायचं, सारखं धरायचं. विसरले असेन मी, काय माहीत.”

तिला हरवल्याचा आनंद मला व्हायला हवा होता. झाला नाही.

शनिवारी संध्याकाळी आईचा फोन आला. मी सगळा पराक्रम तिला सांगितला. तिने एकच प्रश्न विचारला.

“त्या बाईला आधी विचारलंस?”

“पत्रक काय विचारून काढतात?”

“मग कसं काढतात? रेशन दुकानदाराला मी मसुदा वाचून दाखवायची. त्याच्याच दुकानात, गिऱ्हाइकांसमोर उभी राहून. दोनदा त्याचं म्हणणं बरोबर निघालं. ती पत्रकं निघालीच नाहीत.”

मी छापलेलं वाचत मोठी झाले होते. न छापलेल्या पत्रकांबद्दल मला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

मी फोन ठेवते तोच ताईचा मेसेज आला. ‘उद्या जेवायला ये. कागदाला विचारून झालं. आता फोमलाच विचारू.’

चंडीमंदिरच्या फाटकावर ओळखपत्र दाखवून मी आत गेले. मोठी झाडं, चुन्याने रंगवलेले बुंधे, मागे कसौलीचे डोंगर स्वच्छ दिसत होते. ताईने गोळाभात केला होता. ताटात वरून फोडणीचं तेल घालताना म्हणाली, “आधी खा. उपाशीपोटी हरलीस तर रडशील.” मुलगा आणि मुलगी मराठी सगळं समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. “आंटी, आप ही हो जिन्होंने मम्मा को डाँटा?” मुलीने विचारलं. “मी नाही, माझ्या मेलने,” मी म्हणाले. “वही तो,” ती म्हणाली.

जेवणानंतर ताईने टेबलाच्या एका कडेवर झाकलेलं फडकं बाजूला केलं आणि खालची रचना दाखवली. कारखान्याने पाठवलेल्या नमुन्यातला फोमचा एक चौकोनी तुकडा होता. त्याच्या दोन्ही बाजूंना तिने प्लायवुडची एकेक फळी चिकटवली होती. एक फळी जेवणाच्या टेबलाच्या कडेला शिकंज्याने उभी आवळलेली, दुसरी मोकळी. मोकळ्या फळीला वजन टांगलं की ती खाली सरकणार आणि मधला फोम तिरका होणार. म्हणजे आमचीच चाचणी, पण खरी.

“वजन?” मी विचारलं.

“लोणचं,” ताई म्हणाली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून घेतलेल्या दोन बरण्या आणि एक साखरेचा डबा पिशवीत भरलेला होता. पावणेचार किलो.

टांगण्याआधी दोघींनी आपापला अंदाज कागदावर लिहून मुलाच्या हातात दिला. तिच्या कोडप्रमाणे फळी सहा मिलिमीटर सरकायला हवी होती. माझ्या गणिताप्रमाणे फोम दुप्पट चिवट, म्हणून तीनच. मुलगी शाळेची पट्टी लावून डोळा बारीक करून बसली. ताईने पिशवी अडकवली आणि हात हळूहळू सोडला. त्या क्षणी मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिने ओठ आत घेतले होते. तिला नुसता एका पिशवीचा निकाल कळणार नव्हता, आपण काय काय विसरलो आहोत हे कळणार होतं.

“मम्मा, छह!” मुलगी ओरडली. “छह से थोड़ा सा कम. आंटी हार गईं!”

मुलगा टेबलाभोवती धावत सुटला. ताई खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी पट्टी स्वतः लावून बघितली. सहाला जरासं कमी. पुन्हा टांगलं, पुन्हा तेच. फोमने माझ्या पुस्तकाला सरळ नकार दिला होता. आणि खरं सांगते, माझ्या पोटातून जे वर आलं ते हसू होतं. आम्ही चौघं हसत होतो. लोणच्याच्या बरण्या पिशवीत एकमेकींवर आपटत होत्या.

मग चूक सापडायला दहा मिनिटं लागली. ठोकळा तिरका होतो तेव्हा माझं पुस्तक त्याचा अर्धाच कोन धरतं आणि उरलेला अर्धा नुसतं फिरणं म्हणून बाजूला काढतं. सॉफ्टवेअर पूर्ण कोन धरतं. मी पुस्तकातलं सूत्र घेतलं आणि त्यात सॉफ्टवेअरचा कोन घातला. ही चूक करायला सुद्धा चार वर्षं इंजिनियरिंग शिकावं लागतं. मॅन्युअलमधली ओळ तशी का होती, ते ताईला आता धडाधडा आठवलं. तिने ते मला, मुलांना आणि भांडी घासायला आलेल्या बाईलासुद्धा समजावून सांगितलं.

सोमवारी मी दुसरी मेल लिहिली. पहिली ज्यांना गेली होती त्या सगळ्यांना. पाठवण्याआधी मसुदा ताईसमोर उभी राहून वाचून दाखवला. कोडवरचा आरोप खोटा, चूक माझी, ती कशी झाली ते हे असं. मात्र चिकटवलेल्या उत्तरांबद्दलचं म्हणणं कायम. त्यावर ताईने स्वतः एक वाक्य घातलं की हे खरं आहे आणि जबाबदारी तिची आहे. कारखान्याचा फोन पुन्हा आला. ठीक आहे, म्हणाले, पण गुरुवारपर्यंत खऱ्या चाचण्या पाठवा, मग ठरवू. सर म्हणाले, “ये भी पर्चा ही है. पर ये वाला मैं फ्रेम करवा लूँगा.”

त्या तीन दिवसांसाठी आम्ही एक नियम केला. कोड जिने लिहिला तिने अपेक्षित उत्तराला हात लावायचा नाही. मी कागदावर पेनाने गणित करायची, पानाच्या कोपऱ्यात सही करायची, मगच कोड चालवायचा. ताई माझ्याकडे पाठ करून बसायची. “झालं का वं?” “नाही.” “एवढा वेळ? आमचा ठोकळा तोवर म्हातारा होईल.” “ताई, परीक्षार्थीने बोलायचं नसतं.” मला त्या तीन दिवसांत जितकी मजा आली तितकी कुठल्या सुट्टीत आली नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. अठरा चाचण्या खऱ्याखुऱ्या हिरव्या झाल्या.

बुधवारी दुपारी एकोणिसावी. हिच्यात ठोकळा ताणायचा नाही, दाबायचा नाही. नुसता उचलून पाव वळसा फिरवायचा. मी पान घेतलं आणि लिहिलं, शून्य. कागदाचीही गरज नव्हती. कुणी तुम्हाला दुखवलंच नाही, नुसतं तोंड फिरवून उभं केलं, तर प्रतिकार कसला?

कोडने उत्तर दिलं ते शून्य नव्हतं. बराच मोठा आकडा होता.

मी जुनी फाइल उघडली. तोच आकडा, पंधरा दशांशांसकट, तिथे बसलेला होता. दोन महिने सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हिरवा.

“ताई, वळ,” मी म्हणाले.

ती वळली. स्क्रीन बघितला, माझा शून्य बघितला. कपाळावर हात मारला. मग कोड उघडून पंधरा-वीस मिनिटं वाचत राहिली. शेवटी एका ओळीवर तिचं बोट थांबलं. नुसतं फिरणं आणि खरोखर ताणलं जाणं यातला फरक त्या ओळीला कळत नव्हता. ठोकळा थोडासा वळेपर्यंत फरक दिसायचा नाही, जास्त वळला की कोडला वाटायचं, आपल्याला कुणीतरी ओढतंय. आणि चालणाऱ्या माणसाचा पाय तर प्रत्येक पावलाला वळतो.

दुरुस्ती, तपासणी, सगळं धरून चार दिवस लागणार होते. गुरुवार उद्या होता.

आता जे सांगते त्याची मला लाज वाटते. बोलले ते मी बोलले. “ताई, उद्या आहेत ते अठरा हिरवे पाठवू. ही सोमवारी दुरुस्त करून पाठवू, मग सांगू.” पत्रकांच्या गठ्ठ्यावर वाढलेली मी! पण मला तिचा बायोडेटा दिसत होता आणि त्यात पाचवी उचकी नको होती.

ताईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, गंमत वाटल्यासारखं. “गेल्या आठवड्यात खोट्या चुकीवर एवढी बोंब मारलीस. आता खरी सापडली तर शेपूट घालून राहिली? ऊठ. मी लिहिते, तू वाच.”

तिने सहा ओळी लिहिल्या. माझ्या कोडमध्ये ही चूक आहे, माझ्याच चाचणीने ती दोन महिने झाकली, आज हाताने केलेल्या गणितामुळे सापडली, दुरुस्त कोड सोमवारी देईन, गुरुवारची मुदत माझ्याकडून पाळली जाणार नाही. खाली तिचं नाव. सरांनी ती वाचली, पगडीवरून हात फिरवला आणि विचारलं, “पक्का?” ती म्हणाली, “पक्का, सर.” आणि पाठवली.

गुरुवारी सकाळी आम्ही दोघी उगाच कामात असल्यासारखं दाखवत होतो. साडेअकराला सर केबिनमधून बाहेर आले. फोन अजून हातात होता. कारखान्याच्या इंजिनियरने स्वतः फोन केला होता. वापरून बघायला दिलेल्या आमच्या कोडवर ते जे गणित करत होते त्यात पाय नुसता पुढे झुलला तरी अस्तर ओढ घेतंय असं दिसायचं, आणि तीन आठवडे ते आपल्या फोमच्या नमुन्यालाच दोष देत बसले होते. आता कारण कळलं. सोमवार चालेल. आणि पुढचा पदार्थ याच दोघींनी करावा, एकीने लिहावा, एकीने तपासावा.

“मैडम,” सर म्हणाले, “असम में इंटरनेट तो होता है ना?”

ताई सरळ सरांच्या केबिनमध्ये गेली, खण उघडला, पिन्नीचा डबा बाहेर आणला आणि अख्ख्या मजल्यावर वाटत सुटली. सर तिच्या मागे मागे. “ओ जी, एक तो छोड़ दो, मेरी माँ ने भेजी है!”

एप्रिलमध्ये मी त्यांना निरोप द्यायला चंडीमंदिरला गेले, तेव्हा दारात ट्रक उभा होता. काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगात नंबर टाकलेले. मुलं ट्रकच्या टपावर जाता येईल का याची चौकशी करत होती. ताई रिकाम्या खोलीत एका ट्रंकेवर बसली होती, मांडीवर लॅपटॉप. मी सकाळी पाठवलेली नव्या पदार्थाची पहिली उत्तरं ती आपल्या कोडशी ताडून बघत होती.

“लाल,” ती वर न बघता म्हणाली. “तुझं चुकलंय.”

“माझं? तुझं चुकलंय. मी दोनदा केलंय गणित.”

“दोनदा चुकलीस मग.”

“मॅडम, वो बक्सा,” सामान उचलणारा माणूस दारातून म्हणाला. तिच्या खालचीच ट्रंक तेवढी राहिली होती.

“दो मिनट, भैया,” ती म्हणाली आणि माझ्यासाठी ट्रंकेवर जागा केली. “कागद आणलास का? बस. पहिल्या ओळीपासून सांग.”